पट्टीवरच्या दोन रेघा

"उठ. आधी बाहेर निघ माह्या बांधीतून."

मी वाकलेली होते. हातात धानाच्या रोपांची मूठ, पाय पोटरीपर्यंत चिखलात. धानाच्या शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात आणि ही बांधी गावातल्या सगळ्यात मोठ्या घरची. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाटलीणबाई उभ्या होत्या. मला वाटलं, दुसऱ्या कोणाला बोलतायत.

"तुलेच म्हनून राह्यली मी. ठेव ते रोपं खाली. हात लावू नको आता कायलेच."

शेजारची बाई पुटपुटली, "तुह्या लुगड्याले मागून पाह्य वं."

मी हात मागे नेला. ओला चिखल लागला असेल असं वाटलं. बोटं समोर आणली तर लाल. पाळी आली होती. सगळ्यांसमोर, कमरेत वाकलेली असताना, कपाळावर त्यांनीच लावलेलं कुंकू आणि कमरेला त्यांनीच भरलेली ओटी खोचलेली असताना.

पाटलीणबाई स्वतः चिखलात उतरल्या. त्यांचे पाय चिखलात मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. त्यांनी माझ्या हातातली मूठ हिसकली आणि नाल्याकडे भिरकावली. ओटीचा नारळ ओढून घेतला. तांदूळ पाण्यात सांडले. मग गड्याला हाक मारली, "हिनं लावलं तेवढं सारं उपट. फेक नाल्यात."

"पोटुशी म्हनून वटी भरून घेतली, अन् पाळीची होऊन माह्या बांधीत उतरली. वांझोटी होती ते होतीच. आता खोटी बी निघाली."

रोवणीला आलेल्या सगळ्या बाया वाकलेल्याच राहिल्या. एकीनेही कंबर सरळ केली नाही. माझी सासूही त्यांच्यातच होती.

धुऱ्यावर त्या घरची सून छत्री धरून उभी होती, कडेवर तिचा मुलगा. तिला आम्ही वहिनी म्हणतो. मी तिच्याकडे पाहिलं. त्या अख्ख्या शिवारात खरं काय ते एकट्या तिला माहीत होतं. मी म्हटलं, "वयनी, तुमी तरी सांगा. ते पट्टी कायची होती ते."

तिने मुलाचं टोपडं नीट केलं. म्हणाली, "मला काय माहीत त्या पट्ट्यांचं?"

मी चिखलातून बाहेर आले. ओल्या लुगड्याने गावातून घरी चालत आले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, शिवी तरी देता आली असती.

आता ती पट्टी कायची, ते सांगते.

आम्ही ढिवर. नवरा तलावात जाळं टाकतो, मी आणि सासू बाजारात आणि घरोघरी मासे विकतो. पावसाळ्यात तलाव भरलेला असतो, मासे कमी मिळतात, तेव्हा रोवणीची मजुरी. चामोर्शी आणि मुलचेऱ्याच्या मधे जंगलाच्या कडेला आमचं गाव. लग्नाला बरीच वर्षं झाली आणि मूल नाही. एवढं एक वाक्य सांगितलं की पुढचं कोणीही सांगू शकतो. कोणत्या बाबाकडे नेलं, कोणती मुळी उगाळून पाजली, नवऱ्याला दुसरं लग्न कर म्हणून कोणी कोणी सांगितलं. ते सगळं झालं. त्यावर मी शब्द खर्च करणार नाही.

मग चंद्रपूरचा दवाखाना. डॉक्टरबाईंनी दोघांनाही तपासलं. म्हणाल्या, माझं अंडं कधी फुटतं, कधी फुटत नाही. नवऱ्याचंही थोडं कमी आहे. म्हणजे दोष वाटून घ्यायचा असेल तर दोघांत वाटावा लागेल. गावाने तो सगळा माझ्याच पदरात टाकला, आणि नवऱ्याने एकदाही तोंड उघडून म्हटलं नाही की त्यातला अर्धा माझा आहे.

दवाखान्यात त्याचं बीज धुऊन नळीने माझ्या आत सोडलं. दोन वेळा केलं. पोटात सुया घेतल्या, मांड्यांवर घेतल्या. दोन्ही वेळा पाळी आली. तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता थोडे महिने थांबू. शरीराला विश्रांती द्या. तोवर घरीच पट्टीवर बघून प्रयत्न करा. रोवणी झाली की पुढचं."

ही ती पट्टी. लघवीत बुडवायची. तिच्यावर एक रेघ कायम उमटते. दुसरी फिकी असते. रोज थोडी थोडी गडद होते. ती पहिलीएवढी गडद झाली की समजायचं, आता एक-दोन दिवसांत अंडं फुटणार. नवऱ्याला बोलवायचं. एवढंच. ती पट्टी पोटात मूल आहे असं सांगत नाही. होऊ शकेल, आत्ता प्रयत्न कर, एवढंच सांगते.

पट्ट्या मला वहिनीनेच दिल्या होत्या.

हो. त्याच वहिनीने. त्याच दवाखान्यात मी तिला पाहिलं होतं. स्कार्फ तोंडाला गुंडाळलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. पण मासे द्यायला मी वर्षानुवर्षं तिच्या मागच्या दाराला जाते, तिची चाल ओळखणार नाही का? तीही दचकली. मग माझ्याच बाकावर येऊन बसली. गावात ती मला पायरीच्या वर येऊ देत नव्हती. तिथे मांडीला मांडी लावून बसली. म्हणाली, "गावात कुठे बोलू नकोस हं." मी म्हटलं, "मी काऊन बोलू, वयनी?" तिच्या पोटावरही माझ्यासारखेच सुयांचे डाग होते. तिने पदर सरकवून दाखवले. आम्ही दोघी हसलो होतो त्या दिवशी. मला ती बहिणीसारखी वाटली होती. मूर्ख मी.

तिचा इलाज मोठा होता, बाहेर काचेत गर्भ करून आत ठेवायचा. पहिल्याच वेळी जमला. पाटलीणबाईंनी गावभर पेढे वाटले. कुलदेवीची कृपा म्हणाल्या. तलावातल्या मोठ्या माशांची टोपली बारशाला मीच नेली होती. त्या दिवशी वहिनीने मागच्या दाराशी कागदात गुंडाळलेला पुडा माझ्या टोपलीत टाकला. "माझ्याकडे उरल्यात. मेडिकलात मागायला लाज वाटते ना तुला? घे. सकाळच्या पहिल्या लघवीत करू नको. दुपारी कर, आधी पाणी जास्त पिऊ नको."

तिनेच शिकवलं. शब्द न् शब्द तिचा.

तर मी पट्ट्या बुडवायला लागले. सरकारी संडास बांधून मिळाला होता, त्यात आम्ही सरपण ठेवतो. सरपण बाजूला सारून तिथेच बसायचं, दह्याच्या रिकाम्या डब्यात पट्टी बुडवायची, आणि रेघ उमटेपर्यंत श्वास धरून राहायचं. वाळलेल्या पट्ट्या पावडरच्या डब्यात ठेवायच्या, कालच्या रेघेशी आजची ताडून बघायला. रेघ गडद झाली की नवऱ्याला तलावावरून बोलवायचं. घर एका खोलीचं. सासूला काहीतरी निमित्त काढून शेजारी धाडायचं. नवरा अंगाला माशांचा वास घेऊन यायचा, चिडलेला. "जाळं अर्धं टाकून आलो ना मी." प्रेमबिम काही नाही. पट्टी हुकूम सोडते आणि आपण तो पाळायचा. तरी मी पाळत होते, कारण मला मूल हवं होतं. का हवं होतं हे मला कोणी विचारू नये. श्रीमंताच्या बाईला कोणी विचारत नाही.

त्या महिन्यात दुसरी रेघ इतकी गडद आली की माझ्या अंगावर काटा आला. दोन ठसठशीत रेघा. आणि नेमकी ती पट्टी सासूच्या हाती लागली.

आता ह्यात सासूची चूक नाही म्हणा. आरोग्य केंद्राची आशाताई गावात फिरते, तिच्याकडची पट्टी सगळ्यांनी पाहिली आहे. एक रेघ म्हणजे नाही, दोन रेघा म्हणजे दिवस राहिले. आमच्या वस्तीतल्या आंधळ्या म्हातारीलाही हे पाठ आहे. दुसऱ्या कशाची पट्टी असते हे त्यांच्या गावीही नाही. सासू पट्टी घेऊन अंगणात आली आणि रडायला लागली. मी तिला इतकं आनंदाने रडताना कधी पाहिलं नव्हतं.

मी लगेच सांगितलं, "आत्याबाई, हे ते पट्टी नोहे. हे येगळी हाय. अजून काईच नाई."

ती डोळे पुसत हसली. "हाव, हाव. मले समजते. तू लाजून राह्यली."

आमच्याकडे रीत आहे. पहिल्या महिन्यांत कोणी विचारलं तर बाईने नाहीच म्हणायचं, नजर लागते म्हणून. म्हणजे 'नाही' म्हणणाऱ्या बाईला सगळे समजून घेतात, ते 'हो' म्हणून. मी जितक्या वेळा नाही म्हटलं, तितकी गावाची खात्री पटत गेली. मासे घ्यायला आलेली बाई कानशिलाशी बोटं मोडून जायची. मी म्हणायचे, "खरंच नाई वं माय." ती म्हणायची, "नको सांगू, नको सांगू."

मग पाटलीणबाई स्वतः आमच्या दारात आल्या. त्यांच्या घरी रोवणीची पहिली मूठ लेकुरवाळीच्या हातची लागते. पोटुशीच्या हातची मिळाली तर त्याहून चांगली, बांधी भरभरून पिकते असं त्या घराचं म्हणणं. आजवर त्या मला पहिल्या दिवशी बोलवायच्याच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ये म्हणायच्या, आणि तेही सगळ्यांच्या मागच्या ओळीत. आता म्हणाल्या, "ह्या खेपेले मूठ तुह्या हातची."

मी त्यांनाही सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाहून. "बाई, तसं काई नाई. आत्याबाईचा गैरसमज झाला."

त्या हसल्या. माझ्या गालावरून हात फिरवला. त्या हाताने मला त्याआधी कधी शिवलंही नव्हतं, पैसेसुद्धा वरून टाकत. "असंच म्हनावं लागते पोरी. शिकवलेली दिसतेस."

आणखी काय करायला हवं होतं मी? छातीवर पाटी लावून फिरायचं होतं?

आणि मनात काय चाललं होतं तेही सांगते. त्या रेघेनंतरचा दुसरा आठवडा संपत आला तसं मलाही वाटायला लागलं, सगळे म्हणतात तर खरंच असेल. छाती दुखत होती. अन्नाचा वास नकोसा होत होता. मी सरपणाशेजारी बसून पोटावर हात ठेवायचे आणि कोणाला तरी म्हणायचे, राहा. राहा बाबा. ज्या दिवशी बांधीत उतरले त्या दिवशी अंगावर कुंकू, ओटी, बायांची गाणी, आणि मी मनात तेच म्हणत होते.

तेव्हाच पाळी आली. पाटलीणबाईंची बांधी विटाळली, त्यांनी ती रोपं उपटली आणि नवीन लावली. माझ्या आत काय उपटलं गेलं, त्याची चौकशी कोणीही केली नाही. त्या दिवशी मी दोन वेळा रिकामी झाले. एकदा देहाने, एकदा लोकांनी.

संध्याकाळी निरोप आला. पुढच्या शुभ दिवशी मूठ पुन्हा धरणार. तेव्हा मी यायचं, धुऱ्यावरच्या देवापुढे नारळ फोडायचा, आणि सगळ्या बायांसमोर म्हणायचं, मी खोटं बोलली, मी चुकली. तोवर आमच्या घरच्या कोणाला त्या घरी काम नाही. आणि त्या घरी नाही म्हणजे गावात कुठेच नाही. बाकीचे त्यांच्याच पाण्यावर रोवणी करतात.

रोवणीची मजुरी म्हणजे माझा पुढचा इलाज. हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

सासू म्हणाली, "म्हनून टाक पोरी. तोंडाले काय काटे लागते?"

नवरा जाळं दुरुस्त करत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "म्हन ना एकदा. काय जाते तुह्यं?"

"माह्यंच जाते," मी म्हटलं. "तुमचं काई जात नाई, म्हनून सांगून राह्यले."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आली. मागच्या बाजूने, डोक्यावर पदर ओढून. माझ्या घरात पहिल्यांदा. बसली नाही. म्हणाली, "तू कुठे काही बोलली तर नाहीस ना? दवाखान्याचं?"

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"हे बघ, पुढच्या खेपेचा तुझा सगळा खर्च मी देते. पाहिजे तर मोठा इलाज कर, माझ्यासारखा. डॉक्टरबाईंशी मी बोलते. फक्त माझं नाव कुठे येऊ देऊ नको. आणि सासूबाईंसमोर एकदा चुकलं म्हण. विषय संपतो ना गं."

मोठा इलाज. मी खोटं नाही सांगणार, मला मोह झाला. मला तिचा मुलगा दिसला. टोपडं घातलेला. मला वाटलं, म्हणून टाकावं. दोन शब्द. मग माझ्याही कडेवर असेल.

आणि तिथेच मला लख्ख कळलं. तीच पट्टी, तोच बाक, तीच सुई. तिच्या पोटात ती गेली की कुलदेवीची कृपा होते. माझ्या पोटात गेली की वांझोटी, खोटी, विटाळ. दवाखान्याने आमच्यात फरक केला नव्हता. तो फरक गावाने केला होता, आणि आता तो मी माझ्या तोंडाने मान्य करावा म्हणून ती पैसे घेऊन आली होती. त्या पैशांतून जे मूल आलं असतं, त्याच्या आधी माझी माफी जन्मली असती. मोठं झाल्यावर त्यालाही त्या घराच्या पायरीखाली उभं राहावं लागलं असतं, कारण त्याच्या आईने एकदा कबूल केलं होतं की तिची जागा तीच आहे.

मी म्हटलं, "तुमचं नाव मी घेनार नाई, वयनी. घ्याचं असतं तं तिथंच घेतलं असतं. पन चुकलं म्हननार नाई. तुमचा पैसा नको मले."

ती रागावली. खरंच रागावली, मीच तिचा अपमान केल्यासारखी. "मग राहा तशीच," म्हणाली. पुन्हा मागच्या दाराने गेली.

शुभ दिवस आला. सासूने मला हाताला धरून ओढत नेलं. मी गेले. मला जायचंच होतं. बाया जमल्या होत्या, पाटलीणबाई धुऱ्यावर, नारळ तयार. वहिनी छत्रीखाली. पाटलीणबाई म्हणाल्या, "बोल."

मी बोलले.

"बाई, मी तुमाले तुमच्या तोंडावर सांगतलं होतं, का तसं काई नाई. तुमी आयकलं नाई. मी कोनाले फसवलं नाई. ते पट्टी मूल होनार का नाई ते सांगत नाई, अंडं कधी फुटते ते सांगते. मी इलाज करून राह्यली. चंद्रपूरले. मले लाज नाई त्याची. अन् पाळी आली ते खोटं नोहे. पाळी हाय ते. तुमाले बी येत होती."

कोणीतरी खाकरलं. पाटलीणबाईंचा चेहरा काळवंडला. "काढा हिले इथून."

"मी जाऊन राह्यली," मी म्हटलं. "पन चुकली म्हनत नाई. माह्यं चुकलंच नाई."

मी चालायला लागले. मागून कोणी आलं नाही. कोणी काम टाकलं नाही. सिनेमात टाकतात. इथे बायांनी कंबर वाकवली आणि गाणं सुरू केलं. सासू तिथेच थांबली, पाटलीणबाईंच्या पाया पडली आणि रोवणीला लागली. वहिनी मुलाला छातीशी धरून दुसरीकडे पाहत होती. तिला शेवटपर्यंत भीती होती की मी तिचं नाव घेईन. त्या भीतीत तिने राहावं असं मला वाटतं. सोडवायला मी जाणार नाही.

गावात मला काम मिळालं नाही. मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या गावात रोवणीला गेले. तिथल्या बायांना माझी भाषा नीट येत नाही, मला त्यांची. तिथेही एकीने विचारलंच, मुलं किती? मी म्हटलं, नाहीत. ती पुढे काही विचारणार होती, मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती पुन्हा वाकली. त्या मजुरीत इलाज बसला नाही. महिना गेला. त्याच्या पुढचाही गेला. माझं वय थांबलेलं नाही. प्रत्येक पाळीबरोबर एक संधी जाते, हे मला डॉक्टरबाईंनी समजावलेलं आहे. म्हणजे ते दोन शब्द न म्हणण्याची किंमत मी काय मोजली, मला ठाऊक आहे. कदाचित ती किंमत म्हणजे मला होणारं मूलच असेल. असं मनात येतं तेव्हा मी हातातलं काम थांबवत नाही.

नवऱ्याला मी सांगितलं आहे. मासळीचे थोडे पैसे जमलेत, दवाखान्याने पाळीच्या दुसऱ्या दिवशी बोलावलं आहे. तुमी याल. चारचौघांत विचारलं कोणी, तर सांगाल का कमी दोघांतही हाय. नाही सांगितलं तर मी सांगेन, तुमच्यासमोर, तलावाच्या काठावर, सगळ्या ढिवरांत. त्याने हातातलं जाळं खाली ठेवलं. मग मान हलवली. त्याने मान हलवली ती माझ्या प्रेमाने नाही, माझ्या धाकाने. चालेल. मला तेवढं पुरे.

मूल होईल की नाही, मला माहीत नाही. झालं तर त्याला मी सांगणार आहे की तुझ्यासाठी तुझी आई कोणापुढे खोटं बोलली नाही. नाही झालं, तर हे ऐकायला कोणी नसेल. म्हणून आत्ताच सांगून ठेवते आहे, मोठ्याने, तुम्हा सगळ्यांना. मी माफी मागितली नाही. मागणार नाही.